धुपट की फुफाटा? नागपूरच्या एका एप्रिल दिवसाचं उपग्रहचित्रांवरून निदान

एप्रिलचा तिसरा आठवडा, सकाळचे सात. सेमिनरी हिल्सवरून उत्तरेला पाहिलं तर कोराडी वीजकेंद्राच्या चिमण्या पुसट रेघांसारख्या दिसतायत. सूर्याकडे डोळे न मिटता बघता येतंय. वारा जवळपास नाही आणि हवेत जळक्या पाल्याचा वास आहे. शहरात दोन तर्क फिरू लागलेत. फोनवर गुलाबी रंगाचं एक उपग्रहचित्र पुढे ढकललं जातंय, खाली मजकूर: 'राजस्थानची धूळ नागपुरात'. चहाच्या टपरीवर मात्र एकच सवाल: "काऊन बे, हे धुपट कुठून आलं?"

वऱ्हाडी बोलीने काम निम्मं सोपं करून ठेवलंय. धूर असेल तर धुपट, उडालेली कोरडी धूळ असेल तर फुफाटा. निदान करायचं ते एवढंच. पण त्यावर निर्णय अवलंबून आहेत. शाळा सकाळच्या आहेत, मुलांना आता मैदानावर सोडायचं की नाही? दुपारी दुचाकीवर फिरणाऱ्यांना काय सांगायचं? धूर असेल तर वनविभागाला कळवायचं कुठल्या रेंजला?

हे प्रकरण एका ठरावीक तारखेचं नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात जे घडू शकतं ते एका दिवसात बसवून दाखवलंय. हवेचे आणि तापमानाचे आकडे आणि ठिपक्यांची संख्या सरावासाठी धरलेली आहे. उपग्रह, त्यांच्या वेळा, रंगांचे नियम आणि गणितं मात्र खरी आहेत, उद्या सकाळी तशीच वापरता येतील.

सात वाजता हातात काय असतं

सकाळी सातला 'आजचं' खऱ्या रंगातलं चित्र अजून अस्तित्वातच नसतं. टेरा उपग्रह सातनंतर येतो. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ यांच्यावरचा व्हीआयआयआरएस हा कॅमेरा नागपूरवरून दुपारी साधारण पाऊण ते पावणेतीनच्या दरम्यान जातो. सेंटिनेल-५पी वरचा, हवेतले वायू मोजणारा ट्रोपोमीही दुपारी पावणेदोनच्या सुमाराला. तेव्हा नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या साइटवर आजची तारीख टाकून काळा पडदा दिसला की 'साइट बंद आहे' म्हणू नये, उपग्रह अजून यायचाय.

सातला हातात असतात पाच गोष्टी: भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी उभ्या दिसणाऱ्या, उपग्रहांची रात्रभराची चित्रमालिका, मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्यातले आगीचे ठिपके, हवा मोजणाऱ्या केंद्रांचे तासातासाचे आकडे, सोनेगाव विमानतळाचे अर्ध्या तासाचे हवामान-संदेश आणि पहाटे साडेपाचला सोडलेल्या हवामान-फुग्याची नोंद. शेवटची नोंद सर्वात कमी लोक उघडतात. या प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे.

त्याआधी घड्याळ. सगळी उपग्रह-माहिती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, आपण साडेपाच तास पुढे. नुसती वजाबाकी म्हणून सोडून दिलं की तारीख चुकते. मंगळवारी पहाटे पावणेदोनला दिसलेली आग यूटीसीप्रमाणे सोमवारी रात्री सव्वाआठची असते, म्हणून फर्म्सच्या, म्हणजे नासाच्या आगनोंदींच्या, यादीत ती सोमवारच्या तारखेखाली सापडते. मंगळवार निवडून 'रात्री एकही आग नव्हती' असा निष्कर्ष काढणारे दर उन्हाळ्यात भेटतात. सोपा उपाय: तारीख न निवडता 'गेले २४ तास' हा पर्याय घ्यावा आणि प्रत्येक ठिपक्याची वेळ स्वतः वाचावी.

गुलाबी पट्टा खरा होता

फोनवर फिरणारं चित्र खोटं नव्हतं. ते मेटिओसॅट-९ चं 'डस्ट आरजीबी' होतं. हा युरोपीय उपग्रह ४५.५ अंश पूर्व रेखांशावर, हिंदी महासागरावर उभा आहे आणि दर १५ मिनिटांनी चित्र देतो. नागपूर त्याला बरंच तिरपं दिसतं, त्यामुळे मुळात तीन किलोमीटरचा ठिपका इथे ताणला जातो. एखादा मोहल्ला त्यात शोधू नये, जिल्हा शोधावा.

हे चित्र कॅमेऱ्याचं नाही, दोन वजाबाक्या आणि एका तापमानाचं आहे. लाल रंगाला १२.० आणि १०.८ मायक्रॉनच्या तापमानांतला फरक देतात, उणे ४ ते अधिक २ केल्विन या पट्टीवर. हिरव्याला १०.८ आणि ८.७ मधला फरक, ० ते १५ केल्विन. निळ्याला १०.८ चं नुसतं तापमान, २६१ ते २८९ केल्विन. खनिज धूळ १०.८ मायक्रॉनचा उष्मा १२ पेक्षा जास्त अडवते, म्हणून लाल वाढतो. २८९ केल्विन म्हणजे १६ अंश सेल्सिअस, आणि एप्रिलात नागपूरची जमीन रात्रीही याहून गरम असते. म्हणजे निळा आधीच भरलेला. लाल आणि निळा मिळून गुलाबी-किरमिजी. पातळ उंच ढग याच चित्रात काळसर-निळे दिसतात, त्यांची गल्लत होत नाही.

मालिका मागे नेली की पट्टा आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला बाडमेर-जैसलमेरच्या बाजूला उठलेला दिसतो. संध्याकाळी माळव्याकडे, मध्यरात्रीनंतर सातपुड्यावर. पहाटे पाचनंतर मात्र तो फिकट होत होत विरल्यासारखा होतो.

पहिला चकवा इथेच आहे. पट्टा विरला म्हणजे धूळ बसली असं नाही. हे चित्र जमीन आणि धुळीचा थर यांच्या तापमानातल्या फरकावर जगतं. दुपारी जमीन तापून लाल झालेली, थर वर थंड, म्हणून रंग झळझळीत. सूर्योदयाच्या आसपास जमीन दिवसातली सर्वात थंड आणि फरक किमान, म्हणून रंग मरतो. पहाटे पाच ते आठ या वेळेतल्या डस्ट आरजीबीवरून 'धूळ नाही' असं कधीही लिहू नये. नऊ-दहाला तो पट्टा पुन्हा उगवतो, आणि तो कुठे उगवतो ते पाहायचं असतं.

आपल्या इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस वर ८.७ मायक्रॉनचा पट्टा नाही, त्यामुळे हेच चित्र तंतोतंत बनत नाही. पण १०.८ आणि १२.० या दोन्ही जवळच्या उष्मा-वाहिन्या आहेत, चार किलोमीटरच्या. इस्रोच्या मॉसडॅक या संकेतस्थळावरून दोन्ही उतरवून वजाबाकी केली आणि १०.८ मधून १२.० वजा जाता उत्तर शून्याच्या खाली गेलं, तर ती धुळीची सही. कोरड्या, निरभ्र एप्रिलात हा फरक एरवी एक-दोन केल्विन अधिक असतो. इन्सॅट नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर आहे, त्यामुळे जागा मेटिओसॅटपेक्षा नेमकी कळते. पट्ट्याची कड ठरवायला इन्सॅट, प्रवास पाहायला मेटिओसॅट, अशी विभागणी बरी पडते.

मग वेळ जुळते का? जैसलमेरपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे १,०५० किलोमीटर. फुग्याच्या नोंदीत दीड ते तीन किलोमीटर उंचीवर वायव्येचा ३० नॉट वारा होता, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. १,०५० भागिले ५५, एकोणीस तास. दुपारी बाराला उठलेली धूळ सकाळी सातला नागपूरवर. गणित जुळलं, आणि नेमकं म्हणूनच ते धोकादायक ठरलं. इतकं छान जुळल्यावर पुढे कोणी बघत नाही.

वास कशाचा होता मग

धुळीला जळक्या पाल्याचा वास नसतो. धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनहून लहान, दहा मायक्रॉनच्या लहरींना ते अडथळाच वाटत नाहीत. म्हणून डस्ट आरजीबीत धूर अदृश्य असतो. त्या गुलाबी चित्राने धूर आहे असंही सांगितलं नाही, नाही असंही नाही. ते त्याबाबतीत आंधळं आहे.

धूर दिसतो तो दृश्य प्रकाशात, विशेषतः निळ्या लहरींत, आणि सूर्य समोरून असेल तर जास्त. खिडकीतून आलेल्या तिरिपीत धूलिकण चमकतात ते आपण उलट बाजूने बघत असतो म्हणून. सकाळी सूर्य पूर्वेला, मेटिओसॅट आपल्या पश्चिमेला, म्हणजे सकाळच्या पहिल्या दीड-दोन तासांत त्याला आपला धूर तिरिपीतल्यासारखा दिसतो. साडेसातचं दृश्य चित्र उघडून उजळपणा थोडा ताणला, तर पारशिवनी-सावनेरपासून नागपूरपर्यंत कन्हान आणि पेंचच्या खोऱ्यांना धरून दुधट जिभा उतरलेल्या दिसतात. नऊ वाजता त्याच चित्रात काही नसतं. धूर विरला हे एक कारण आणि प्रकाशाचा कोन गेला हे दुसरं, दोन्ही मिसळलेली. इन्सॅट डोक्यावर असल्याने त्याला हा फायदा मिळत नाही.

खऱ्या रंगातलं चित्र दुपारी येतं तेव्हा आणखी एक अडचण. एप्रिलात वऱ्हाड-नागपूरची उघडी जमीन स्वतःच तपकिरी असते. तपकिरी जमिनीवर पिवळट धूळ शोधणं म्हणजे गव्हाच्या पोत्यात रवा शोधणं. त्यासाठी गडद पार्श्वभूमी हवी: तोतलाडोहचं पाणी, गोसेखुर्दचा जलाशय, पेंचचं जंगल. पाण्यावर एरवी काळपट निळा दिसणारा रंग पिवळट झाला तर धूळ, निळसर-राखाडी झाला तर धूर. पाणी आरशासारखं चकाकत असेल तर तो सूर्याचा परावर्तित झोत आहे, त्या फेऱ्यावरून काहीच ठरवू नये.

ठिपके आणि धुरे

रात्रीच्या फेऱ्यात नागपूरच्या उत्तरेला, साठ किलोमीटरच्या आत, नऊ ठिपके होते. सात पारशिवनी आणि सावनेरच्या बाजूला, दोन शहराच्या जवळ.

मार्च-एप्रिलात इथे पेटतं काय ते माहीत असेल तर ठिपके वाचता येतात. मोह वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात, फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावली जाते. नर्मदेच्या पट्ट्यात, नर्मदापुरम-हरदा-रायसेनकडे, गव्हाचे फड पेटतात. आणि विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात; खरिपाची तयारी म्हणून शेतकरी धुरे पेटवतो. धुऱ्यातून धूर निघतो हा शब्दांचा खेळ नाही, महिन्याभराचं वास्तव आहे.

एक ठिपका म्हणजे एक आग नव्हे. व्हीआयआयआरएसचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर, आणि ठिपका त्याच्या मध्यावर काढलेला असतो. आग त्या चौकोनात कुठेही, कितीही असू शकते. टेरावरच्या मोडीस या कॅमेऱ्याचा चौकोन एक किलोमीटरचा. सात ठिपके गुणिले १४ करून '९८ हेक्टर जंगल खाक' हा मथळा तयार होतो, तो असाच चुकीचा तयार होतो.

उलट बाजूही तितकीच खरी. दुपारी तीननंतर पेटवलेला आणि रात्री अकराला विझलेला फड व्हीआयआयआरएसच्या कोणत्याच फेऱ्यात सापडत नाही. साग-बांबूच्या छताखाली पाल्यातून सरपटणारी आगही निसटते, तिचा उष्मा कमी आणि वर फांद्या. तेव्हा ठिपके नाहीत यावरून आग नाही असं म्हणता येत नाही.

शहराजवळच्या दोन ठिपक्यांबद्दल एक सवय ठेवावी: तोच अक्षांश-रेखांश गेल्या पंधरा रात्रींत किती वेळा आला ते पाहावं. दोन्ही जागा दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हजर होत्या. जंगल रोज त्याच बिंदूवर जळत नाही. भट्टी, कारखाना किंवा कोळशाचा धुमसता ढीग असतो. फर्म्सच्या जुन्या, तपासलेल्या यादीत अशा स्थिर उष्णतेला वेगळा आकडा दिलेला असतो, ताज्या यादीत नसतो. ते काम आपलं आपण करायचं.

उरलेले सात ठिपके वनविभागाकडे जाण्याजोगे होते. भारतीय वन सर्वेक्षणाची सूचना त्यांना एसएमएसने वेगळी जातेच, तरी कळवताना ठिपक्याच्या आकड्यांबरोबर 'या बिंदूच्या पाव किलोमीटर परिसरात पाहा' असं लिहावं. वनरक्षक नेमक्या बिंदूवर जातो, तिथे हिरवं झाड बघतो आणि पुढच्या वेळी आपल्या फोनकडे दुर्लक्ष करतो.

नाकाजवळचे आकडे

उपग्रह जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा खांब एकत्र पाहतो. नाक त्या खांबाच्या तळाशी दीड मीटरवर असतं. म्हणून जमिनीवरची केंद्रं. नागपुरात सिव्हिल लाइन्स, अंबाझरी, महाल आणि रामनगर इथले आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर दर तासाला येतात. चारांची सरासरी, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, अशी धरू:

सकाळी ७ ला पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) होतं ९५, पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) होतं १५०
सकाळी ९ ला ६२ आणि ११८
सकाळी १० ला ४१ आणि ९६
दुपारी १२ ला ५२ आणि १९८
दुपारी २ ला ७८ आणि ३१२

पहिल्याला दुसऱ्याने भागा. सातला ०.६३, दोनला ०.२५. बारीक कणांचा वाटा ०.६ च्या वर गेला की ज्वलन, म्हणजे धूर. ०.३ च्या खाली गेला की भरड माती, म्हणजे धूळ. एका दिवसात दोन वेगळ्या हवा येऊन गेल्या.

नुसत्या गुणोत्तरापेक्षा वाढीचं गुणोत्तर अधिक बोलतं. दहा ते दोन या चार तासांत पीएम १० वाढलं २१६ ने, पीएम २.५ फक्त ३७ ने. भर पडली तिचं गुणोत्तर ०.१७. म्हणजे दुपारी आलेला माल जवळजवळ निव्वळ फुफाटा होता, उरलेला बारीक कण सकाळचा शिळा.

आकडे घेताना तीन ठिकाणी हात भाजतो. पीएम २.५ चा आकडा पीएम १० पेक्षा मोठा आला तर तो तास फेकून द्यावा. लहान कण मोठ्या मोजणीतही असतातच, त्यामुळे असं होऊ शकत नाही, यंत्र बिघडलंय. वीज गेल्यानंतरचा पहिला तासही टाळावा. आणि घरोघरी लावलेले स्वस्त लेझर सेन्सर धुळीच्या दिवशी फसवतात. ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात, भरड कण त्यांच्या छोट्या पंख्याने नीट ओढलेही जात नाहीत, आणि पीएम १० चा आकडा बराचसा अंदाजाने छापलेला असतो. धुराच्या दिवशी हेच सेन्सर कामाचे, धुळीच्या दिवशी ते 'हवा ठीक आहे' म्हणत बसतात.

दुपारी चारला येणारं हवा-निर्देशांकाचं पत्रक २४ तासांच्या सरासरीवर असतं. आपल्या उदाहरणात ते 'मध्यम' या खान्यात जाईल. सातचा धूर आणि दोनची धूळ दोन्ही त्या सरासरीत बुडालेले.

विमानतळाच्या संदेशात सातला होतं: वारा शांत, दृश्यता २,५०० मीटर, एचझेड, तापमान २६, दवबिंदू ९. एचझेड म्हणजे धूसर. धुरासाठी एफयू, तरंगत्या धुळीसाठी डीयू अशी वेगळी अक्षरं आहेत, पण पुष्कळदा दोन्हींना एचझेडच लिहिलं जातं, तेव्हा अक्षरांवर फार विसंबू नये. आकड्यांवर विसंबावं. २६ आणि ९ मधला फरक सांगतो की आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास आहे. हे धुकं नाही, एवढं पक्कं.

फुग्याने सोडवलेली गाठ

आता कोडं उरतं ते वेळेचं. धूळ सातला नागपूरवर पोचली, मग ती बारापर्यंत नाकाला का कळली नाही?

नागपूरचा फुगा पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला जातो. केंद्राचा क्रमांक ४२८६७, आलेख कोणालाही पाहता येतो. त्या पहाटे जमिनीलगत तीनेकशे मीटरपर्यंत तापमान वर जाताना कमी होण्याऐवजी वाढत होतं. हवेवर झाकण. रात्री खोऱ्यांतून उतरलेला धूर याच झाकणाखाली शहरभर पसरला होता. झाकणाच्या वर स्वच्छ हवेचा थर आणि त्याच्या वर, साधारण दीड ते तीन किलोमीटरच्या पट्ट्यात, वायव्येच्या वाऱ्याबरोबर आलेली धूळ. तीन मजली घर: तळमजल्यावर धुपट, मधला मजला रिकामा, वरच्यावर फुफाटा. वरून बघणाऱ्या उपग्रहाला वरचा मजला दिसला आणि त्याने खरं तेच सांगितलं. आपण ते तळमजल्याचं समजलो.

वरचा मजला खाली कधी येणार हे साध्या गणिताने काढता येतं. जमीन तापली की हवा वर चढते आणि चढताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. ज्या उंचीवर तिचं तापमान आजूबाजूच्या हवेइतकं होतं, तिथपर्यंत ढवळण पोचतं. नागपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची ३१० मीटर. फुग्याने ८५० हेक्टोपास्कल हवादाबाला, म्हणजे १,५०० मीटरवर, २५ अंश मोजले. फरक १,१९० मीटर. ९.८ गुणिले १.१९ म्हणजे ११.७. पंचवीसमध्ये मिळवा: ३६.७. जमिनीवरचा पारा ३६.७ ला टेकला की ढवळण धुळीच्या तळाला भिडणार. ७०० हेक्टोपास्कलला, ३,१५० मीटरवर, तापमान होतं १३. फरक २.८४ किलोमीटर, गुणाकार २७.८, बेरीज ४०.८. पारा ४०.८ झाला की सगळा थर ढवळून निघणार आणि धूळ पूर्ण खांबात वाटली जाणार.

त्या दिवशी पारा दहाला ३४, अकराला ३६, साडेअकराच्या सुमाराला ३७, दोनला ४१. आकड्यांची यादी पुन्हा पाहा. दहाला हवा दिवसातली सर्वात स्वच्छ, कारण झाकण फुटून धूर वर विरलेला आणि धूळ अजून खाली आलेली नाही. बाराला पीएम १० दुप्पट. दोनला कळस. सकाळी साडेसातला कागदावर केलेल्या दोन बेरजांनी हे चार तास आधी कळतं, कोणतंही मॉडेल न चालवता.

हवा कुठून आली ते दाखवणाऱ्या हिस्प्लिटवर मागचा माग काढून पडताळा घेता येतो. नोआचं हे साधन फुकट आहे. सुरुवात नागपूर, वेळ ०२ यूटीसी, मागे २४ तास, उंची १००, ५००, २,००० आणि ३,००० मीटर, जीएफएस या हवामान-मॉडेलचा पाव अंशाच्या जाळीवरचा डेटा. २,००० आणि ३,००० च्या रेषा राजस्थानकडे गेल्या. १०० मीटरची रेषा उत्तरेला चाळीस-पन्नास किलोमीटरात घुटमळली. पहिल्या दोन रेषांवर विश्वास ठेवावा. शेवटची केवळ दिशेपुरती घ्यावी, कारण वारा पडलेल्या रात्री पाव अंशाच्या जाळीला आपल्या टेकड्या आणि नदीखोरी माहीत नसतात. एखादी रेषा मध्येच जमिनीला टेकत असेल तर तिथून मागचा माग रद्द.

संध्याकाळची साक्ष

दुपारच्या ट्रोपोमीच्या फेऱ्यात अतिनील शोषण-निर्देशांक नागपूरवर ठळक अधिक होता. हा निर्देशांक धूळ आणि धूर दोन्हींना चढतो, पण ती उंचावर असतील तरच; जमिनीलगतचा धूर त्याला जवळपास दिसत नाही. फोड करायला त्याच उपग्रहाचा कार्बन मोनॉक्साइड पाहावा. धुळीत तो नसतो, धुरात असतोच. इथे निर्देशांक चढा आणि कार्बन मोनॉक्साइड नेहमीसारखा, म्हणजे दुपारचा थर धुळीचाच.

एरोसॉलच्या, म्हणजे हवेतल्या कणांच्या, जाडीच्या नकाशावर मात्र शहराच्या वायव्येला रिकामे चौकोन होते. दाट धुळीला गणनपद्धत ढग समजते आणि वगळते. रिकामा चौकोन म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. कित्येकदा तिथेच धूळ सर्वात दाट असते.

राखेचा संशयही तपासावा लागतो. कोराडी-खापरखेडा परिसरातल्या राखेच्या तलावांवरून उन्हाळ्यात राख उडते, आणि ते तलाव उत्तरेलाच आहेत. पण राखेचा झोत अरुंद असतो, वाऱ्याच्या रेषेतलं एखादं केंद्र चढतं आणि बाकीची शांत राहतात. इथे चारही केंद्रं एकाच तासात चढली. राख वगळली.

साडेसातला लिहिलेलं टिपण

शाळा आणि माध्यमांसाठी निघालेलं टिपण चार ओळींचं होतं. आत्ताची धूसरता मुख्यतः धूर, स्रोत उत्तरेला साठ किलोमीटरच्या आत, खात्री चांगली. नऊपर्यंत मैदानी खेळ नको. साडेनऊ ते अकरा हवा सुधारेल, पण ती सुधारणा टिकणार नाही. पारा ३७ ला पोचल्यावर धूळ उतरेल, कळस दुपारी दोनच्या पुढेमागे, खात्री मध्यम, कारण थराची खालची कड फुग्याच्या एकाच नोंदीवर ठरवलेली आहे.

त्यात एक वाक्य जास्तीचं होतं आणि ते राहू दिलं हे बरं झालं: नागपूरकर उन्हात बांधतो तो दुपट्टा दुपारच्या धुळीला थोडाफार अडवेल, सकाळच्या धुराला नाही, दमेकऱ्यांनी सकाळी एन-९५ वापरावा.

डाग

आग किती जागेवर लागली हे ठिपक्यांवरून नाही, नंतर उरलेल्या डागावरून मोजतात. सेंटिनेल-२ एका जागेवर पाच दिवसांनी परततो. बारावा, आठ-ए आणि चौथा असे तीन पट्टे लाल-हिरवा-निळ्याला दिले की जिवंत झाडोरा हिरवा आणि ताजा जळका भाग गडद तांबूस-तपकिरी दिसतो, वीस मीटरच्या बारकाईने. एप्रिलात पानगळीचं जंगल आधीच उघडं असतं, म्हणून एकटं चित्र पुरत नाही. आगीच्या आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून फरक काढावा लागतो, नाहीतर निष्पर्ण सागवनही जळकं वाटतं.

सात ठिपक्यांपैकी पाच एकाच डागाच्या कडेवर पडले होते. आग सरकत गेली तशी शेजारच्या चौकोनांत आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा नोंदली गेली. डाग निघाला २२ हेक्टरांचा. सहावा ठिपका गव्हाच्या शेतावर, सरळ रेषेत कापल्यासारख्या कडांचा. सातव्याखाली काहीच नव्हतं. तिथे धुरा पेटला असावा, वीस मीटरच्या चौकोनात न मावणारी दोन मीटर रुंद काळी पट्टी.